'बिजागरी' ही उपमा आणि कृत्रिम गुडघा

शरीरशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत गुडघ्याचे वर्णन 'बिजागरीचा सांधा' असे करण्याची रीत आहे. ही उपमा मूळ मराठीची नव्हे. बिजागरी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ती युरोपीय शरीरशास्त्रात रूढ झाली आणि इंग्रजीतून येथे आली. उपमा जोवर अध्यापनाच्या सोयीपुरती वापरली जाते, तोवर तिच्या अपुरेपणाने फारसे बिघडत नाही. परंतु तिच्याच आधारे धातूची वस्तू घडवून ती हाडात बसविली जाते, तेव्हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही.

थेमिस्टोक्लीस ग्लुक याने १८९० मध्ये बर्लिन येथे हस्तिदंताचा कृत्रिम गुडघा बसविला. त्याची रचना बिजागरीची होती. क्षयाने ग्रस्त सांध्यांत जंतुसंसर्ग होऊन ते प्रयोग फसले. त्याचा दोष रचनेकडे जात नाही. स्वीडनमध्ये वाल्डियस याने १९५१ मध्ये व इंग्लंडमध्ये शायर्स याने १९५४ मध्ये मांडलेल्या रचनाही बिजागरीच्याच होत्या. आश्चर्य वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. विल्हेल्म व एडुआर्ड वेबर या बंधूंनी मानवी चालण्याच्या यंत्रणेवरील आपल्या ग्रंथात, १८३६ मध्येच, मांडीचे हाड नडगीच्या हाडावर गडगडते आणि त्याच वेळी घसरतेही, असे दाखवून दिले होते. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. पण घडविणाऱ्यांच्या मनात शतकभर शब्दच प्रबळ राहिला.

बिजागरीला एकच स्थिर आस असतो. गुडघ्याला तसा नाही. मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोलावा नडगीच्या माथ्याच्या लांबीच्या मानाने बराच मोठा आहे. ते टोक नुसते गडगडले, तर मागून खाली उतरेल. फुलीच्या आकाराने ओलांडणारे दोन अस्थिबंध त्याला आवरून धरतात. पाय पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर वळते. शिवाय दोन्ही बाजूंची गती सारखी नसते. फ्रीमन व पिन्स्केरोव्हा यांनी २००० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात, पाय वाकताना आतली बाजू जवळजवळ जागच्या जागी फिरते व बाहेरची बाजू मागे सरकते, असे आढळले. एकाच आसाच्या यंत्राने हे वळण अडविले, की पीळ नाहीसा होत नाही. तो दांड्यामार्गे हाडापर्यंत पोहोचतो. बिजागरीचे गुडघे सैल होत, त्याचे एक प्रमुख कारण हेच.

येथे सुश्रुतसंहितेतील वर्गीकरणाचा विचार उद्बोधक ठरतो. तेथे सांध्यांचे आठ प्रकार असून गुडघा 'कोर' या प्रकारात घातला आहे. आधुनिक भाषांतरकार 'कोर' म्हणजे बिजागरी असे सर्रास लिहितात. परंतु त्याच प्रकारात मनगटाचाही समावेश आहे, आणि मनगट कोणत्याही अर्थाने बिजागरी नव्हे. इंग्रजी संज्ञा प्राचीन शब्दावर लादल्याचा हा सरळ पुरावा मानावा लागतो.

उपमेचा त्याग १९६८ नंतर झाला. चार्नली यांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या गन्स्टन याने दोन पृष्ठभाग एकमेकांना न जोडता मोकळे ठेवले. धातूचा गोलावा प्लॅस्टिकवर टेकेल, बांधणी अस्थिबंधांनी करावी, ही ती कल्पना होय. मात्र तिने नवी अडचण उभी केली. प्लॅस्टिकचा माथा सपाट ठेवला, तर स्पर्शाचे क्षेत्र लहान होऊन दाब वाढतो व झीज होते. खोलगट केला, तर वळण अडते व पीळ पुन्हा हाडाकडे जातो. ऑक्सफर्डच्या गुडफेलो व ओ'कॉनर यांनी सरकणारी चकती योजून यातून वाट काढली. पण चकती जागेवरून निसटण्याचा धोका त्याबरोबर आला. झिजलेल्या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात, त्यांतून दाह होतो आणि भोवतालचे हाड विरघळते. हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले प्लॅस्टिक साठवणीतच ऑक्सिडेशनाने ठिसूळ होत असे, हेही पुढे उघड झाले. या सर्व व्यवहाराला मराठी वृत्तपत्रे 'गुडघा प्रत्यारोपण' म्हणतात. प्रत्यारोपण सजीव अवयवाचे किंवा पेशीजालाचे होते, आणि येथे तर बहुधा हाडांची टोके तासून त्यांवर नवे आवरण चढविले जाते.

तथापि सर्वांत शंकास्पद संज्ञा 'अपयश' ही होय. स्वीडनने १९७५ पासून गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली. नंतर इतर देशांनी तिचे अनुकरण केले. या नोंदवह्यांत मुख्यतः पुन्हा शस्त्रक्रिया झाली तरच अपयश मानले जाते, अन्यथा गुडघा 'जिवंत' ठरतो. ज्याला वेदना आहेत, परंतु वय, हृदयविकार किंवा खर्च यांमुळे दुसरी शस्त्रक्रिया शक्य नाही, त्याचा गुडघाही त्या हिशोबात यशस्वीच असतो. ही उणीव रुग्णांना प्रश्न विचारून भरून काढावी, तर प्रश्नावल्याही विशिष्ट समाजातून आलेल्या आहेत. कॅनडात तयार झालेली 'वोमॅक' ही प्रश्नावली जिना, खुर्ची, मोटार व मोजे यांविषयी विचारते. मराठीत बसण्याला मांडी घालणे, उकिडवे बसणे, फतकल मारणे असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील पहिल्यात नडगी आत वळवावी लागते. जेवणाच्या पंगतीत बसता न येणारा रुग्ण त्या प्रश्नावलीची उत्तरे देताना आपली ही अडचण कोणत्या रकान्यात सांगणार?