अर्धंच वाचलेलं नाणं : यादवांचा पद्मटंक

हिंगोली जिल्ह्यात यादवकाळ म्हटला की आपण दोन ठिकाणं सांगतो. एक औंढा नागनाथचं देऊळ, दुसरं नामदेवांचं नर्सी. त्या काळचं नाणं मात्र राहून जातं. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म 1270 चा, आणि रामचंद्र यादव देवगिरीच्या गादीवर आला 1271 मध्ये. म्हणजे नामदेवांच्या हयातीत ज्या राजाच्या नावाचं सोनं पाडलं जात होतं, ते नाणं आज आपल्याला वाचायचं आहे. आमची तक्रार एवढीच, की आपण ते अर्धंच वाचतो.

आधी नाणं नीट पाहू. पद्मटंक, वजन साधारण पावणेचार ग्रॅम. सोन्याच्या गोल चकतीवर मधोमध कमळाचा ठसा, आणि भोवती एकेक ठसा वेगळा मारलेला: दोन 'श्री', शंख, अंकुश, राजाचं नाव. प्रत्येक ठशाचा घाव वेगळा, त्यामुळे चकती वाटीसारखी खोलगट होते आणि दोन नाणी तंतोतंत सारखी निघत नाहीत. मागची बाजू कोरी. ना साल, ना टांकसाळीचं नाव.

आता लिपीकडे या. महादेव, रामचंद्र यांच्या पद्मटंकांवर राजाचं नाव नागरीत आहे. पण 'श्री'? ती कानडी वळणाच्या लिपीत. एवढ्याशा जागेत दोन लिपी शेजारी बसल्या आहेत! आपल्याकडचं लेखन नागरी नावाशी थांबतं, 'मराठी राज्याचं नाणं' म्हणतं आणि पुढे जातं. सीमेपलीकडचा अभिमानी 'श्री'वर बोट ठेवतो आणि तोही तिथेच थांबतो. दोघांचीही चूक एकच.

कुणी म्हणेल, ठसे जुने असतील, कारागिरांची सवय असेल, त्यात एवढं काय वाचायचं? सवय होती हे खरंच. कमळाची ही घडण यादवांच्या आधीपासून, कल्याणीचे चालुक्य आणि कदंब यांच्या मुलखातून चालत आली. पण राजाचं नाव नागरीत घालताना यादवांनी 'श्री' बदलली नाही, हे कसं विसरायचं? त्यांचे शिलालेखही मराठी, संस्कृत आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत आहेत, आणि त्यात कन्नड लेख थोडेथोडके नाहीत. नाणं चालायचं ते ओळखीवर. कृष्णेच्या दोन्ही तीरांवरच्या सराफाला ते आपलं वाटायला हवं होतं. आमच्या मते ही 'श्री' म्हणजे त्या राज्याचा खरा नकाशा आहे.

आणि हे इथेच संपत नाही. 1674 मध्ये शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन पाडला, तो नागरी अक्षरांत. पण 'होन' हा शब्द आला कन्नड 'होन्नु'वरून, म्हणजे सोनं. आपला अभिमान ज्या शब्दात साठवला आहे, तोच शेजारघरचा. याची लाज वाटायचं कारण नाही.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. ज्या नाण्यावर साल नाही, टांकसाळ नाही, त्याची उरलेली अर्धी गोष्ट ते कुठे सापडलं यात असते. कुठलं शेत, किती खोल, कुठल्या मडक्यात, सोबत आणखी काय. नांगराला लागलेलं नाणं घासूनपुसून सोनाराकडे गेलं की मुशीत जातं. हौशी संग्राहकाकडे गेलं तर नाणं वाचतं, पण त्याचं गाव हरवतं. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. लोक भितात, म्हणून सांगत नाहीत. ती भीती काढणं हे अभ्यासकांचं काम, आणि त्यात आम्हीही कमी पडलो.

तेव्हा औंढ्याला पुढच्या वेळी जाल, तेव्हा दगडांबरोबर आसपासच्या शेतांकडेही पाहा. कुणाला काही सापडलं, तर निदान जागा लिहून ठेवा. कानडी 'श्री' औंढ्याच्या शिवारापर्यंत पोचली होती का, याचं उत्तर त्या एका ओळीतून मिळू शकतं.