शिस्तीच्या पलीकडचे प्रहसन

आपल्याकडे ‘जाड्या-रड्या’ या नावाने घरोघर परिचित झालेल्या हार्डी-लॉरेल जोडीच्या उत्तम कृतींत ‘द फ्लाइंग ड्यूसेस’ (१९३९) या चित्रपटाची गणना सहसा होत नाही. हॅल रोच यांच्या स्टुडिओबाहेर, ए. एडवर्ड सदरलँड यांच्या दिग्दर्शनाखाली तो तयार झाला. शिवाय फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती होण्याची कल्पना या जोडीने ‘बो हंक्स’ (१९३१) मध्ये आधीच वापरली होती. पुनरुक्तीचा आक्षेप खरा आहे. तथापि तेवढ्यावरून चित्रपट निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते.

सेनाजीवनावरील प्रहसनांत नायक बहुधा शिस्तीशी झगडतो किंवा तिला चकवतो. येथे शिस्त म्हणजे काय हेच या दोघांच्या गावी नाही. ऑली प्रेमभंग विसरण्यासाठी पलटणीत शिरतो, आणि स्टॅन निव्वळ सोबत म्हणून. त्यांच्या लेखी ही एक साधी नोकरी आहे. वेतन दिवसाला तीन सेंट असल्याचे कळताच ते कुरकुरतात. कपड्यांचे डोंगर धुवावे लागताच कंटाळतात. आणि ऑलीचे विस्मरण पुरे झाले म्हणून चालू लागतात. नोकरी सोडणाऱ्याच्या बाबतीत जे स्वाभाविक, तेच पलटणीत पलायन ठरते आणि त्याची शिक्षा मृत्यू. विनोदाचे मूळ शारीरिक धडपडीत नसून दोन जगांच्या या गैरसमजात आहे. धडपड हा त्याचा केवळ दृश्य आविष्कार होय.

म्हणूनच पळून जाताना वाद्यांचा सूर कानी पडताच दोघे थांबून गाऊ-नाचू लागतात, तो प्रसंग मला उपरा वाटत नाही. कोठडीत पहाटेच्या गोळीबाराची वाट पाहताना स्टॅन खाटेच्या स्प्रिंगांवर हार्प वाजवावा तसे बोट फिरवतो. मृत्यूची जाणीव त्याला नाही असे नव्हे. तिचे करावयाचे काय, हे त्याला ठाऊक नाही. येथे हास्य करुणाच्या अगदी जवळ येते.

अखेरचा विमानप्रसंग मात्र लांबला आहे. त्यात यंत्राची करामत अधिक आणि या दोघांच्या स्वभावाचे दर्शन कमी.

परंतु त्यानंतरचा शेवट पाहावा. आरंभी सीन नदीच्या काठी, आत्महत्येच्या तयारीत असताना, पुढील जन्मी घोडा व्हावे असे ऑली म्हणालेला असतो. आपल्या प्रेक्षकाला पुनर्जन्माचे नवल नाही. त्यास कर्मफलाची अपेक्षा असते. येथे फळ नाही, मोक्ष नाही. एकटा भटकणाऱ्या स्टॅनला मिशीवाला, टोपीवाला घोडा भेटतो, आणि तो पूर्वीइतकाच चिडलेला असतो.