‘ड्रॉपेथ’ आणि ‘गिव्ह्ज’

आता ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण घ्या. तिथे ‘ड्रॉपेथ’, ‘ब्लेसेथ’ ही जुनी रूपं आहेत आणि त्यांच्या शेजारीच ‘गिव्ह्ज’, ‘टेक्स’ ही नवी. एकाच तोंडी दोन्ही! वर्गात आपल्याला सांगतात, ‘एथ’ म्हणजे गंभीर भाषा. मला हे पटत नाही. गांभीर्यच हवं असतं तर सगळीच क्रियापदं तशी आली असती. ‘ड्रॉप्स’ म्हणून बघा, एक अक्षर कमी पडतं आणि ओळ लंगडते. ‘ब्लेसेथ’ला मात्र हा हिशेब लागू नाही, ‘ब्लेसेस’चीही दोनच अक्षरं. तिथे बहुधा कानाचा प्रश्न असावा. ‘स’चा सिसकारा टळतो.

१६११च्या बायबलचं प्रकरण वेगळं. तिथे ‘एथ’ सरसकट आहे, कारण भाषांतरकारांनी टिंडेलपासूनचा सूर राखला. लोक मात्र तसं बोलत नव्हते. १६४३मध्ये रिचर्ड हॉजेस सांगतो, आपण लिहितो ‘मेकेथ’, पण बोलताना म्हणतो ‘मेक्स’. जुन्या मराठी पुस्तकांत ‘करितो’ छापलेलं असायचं आणि तोंडी ‘करतो’, तसंच हे. जाहिरातींतलं गमतीचं ‘आय गोएथ’ तर सरळ चूक. हे रूप तृतीयपुरुषी एकवचनाचं.