कापलेली दांडी

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात राहत असाल, तर एखाद्या शेती संग्रहालयात तुम्ही घोड्यांनी ओढायचे जुने पेरणीयंत्र नक्की पाहिले असेल. लोखंडी चाके, बियाण्याचे दोन डबे, मध्ये हाकणाऱ्याची लोखंडी बैठक. मी जाते त्या संग्रहालयातही असे एक आहे. ताजा रंग, नवी कोरी लाकडी दांडी आणि पुढे फायबरचे दोन घोडे. पलीकडच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. त्यात हेच यंत्र आखूड दांडीने ट्रॅक्टरला जोडलेले दिसते. पाटीवर मात्र ट्रॅक्टरचा उल्लेखही नाही. माझी तक्रार त्या पाटीबद्दल आणि त्या नव्या दांडीबद्दल आहे.

हे यंत्र घोड्याच्या मापाने घडले, यात शंका नाही. मक्याच्या दोन ओळींत साधारण 40 इंच अंतर ठेवत, कारण पुढे कोळपणीच्या वेळी घोड्याला त्यातून चालता यायला हवे. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या जॉर्ज ब्राउनने 1853 साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यावर एक जण घोडे हाकायचा आणि दुसरा शेतातल्या आडव्या खुणा पाहून तरफेने दाणे सोडायचा. पुढे या दुसऱ्या माणसाचे काम तारेने घेतले. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली, ठरावीक अंतरावर गाठी असलेली तार. गाठ यंत्राच्या काट्यात आली की तीन-चार दाणे जमिनीत पडत. रोपे उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही रांगांत येत, त्यामुळे कोळपणी दोन्हीकडून होई. विदर्भातल्या वाचकांनी हे लगेच ओळखले असेल. ही तर आपल्या कपाशीची चौफुली!

मग ट्रॅक्टर आला. ओळींच्या पिकात चालणारा फार्मॉल 1924 साली बाजारात उतरला. पण ट्रॅक्टर घेतला म्हणून सगळी अवजारे नवी घेणे अनेकांना परवडणारे नव्हते, मंदीच्या काळात तर नाहीच. शेतकऱ्यांनी घोड्याची लांब दांडी कापली, लोखंडी पट्टी ठोकली आणि तेच यंत्र ट्रॅक्टरमागे लावले. ती कापलेली दांडी म्हणजे यंत्राची खराबी नव्हे, त्याच्या आयुष्यातले एक प्रकरण आहे. नवी दांडी बसवून संग्रहालयाने ते प्रकरण फाडून टाकले.

पण ट्रॅक्टरला लावले की झाले, असेही नाही. मी मृदाशास्त्रात पोस्टडॉक करते. गेल्या मे महिन्यात एका निवृत्त शेतकऱ्याच्या शेतात असे यंत्र चालताना पाहिले. आजोबा ट्रॅक्टरवर, नात यंत्राच्या बैठकीवर. शेताच्या टोकाला वळताना चर पाडणारे फाळ उचलावे लागतात आणि तरफ तिच्याच हाताशी असते. जोडणी थोडी वर-खाली झाली की फाळांचा कोन बदलतो आणि दाणा किती खोल पडेल तेही बदलते. घोडा तासाला चारेक किलोमीटर चालतो. वेग फार वाढवला तर दाणे उचलणाऱ्या तबकडीची भोके भरायच्या आतच पुढे सरकतात आणि ओळीत नांगे पडतात. म्हणून आजोबांनी सर्वांत खालचा गिअर टाकला. पहिली ओळ संपल्यावर ते उतरले आणि खिशातल्या चाकूने माती उकरून दाणे मोजत बसले.

हौशी मंडळी असे यंत्र भरधाव पळवतात आणि “अजून चालते!” म्हणून टाळ्या घेतात. तेव्हा मला संग्रहालयातले फायबरचे घोडे बरे वाटतात. ट्रॅक्टरने घोड्याची चाल धरली, तरच या यंत्राचे म्हणणे ऐकू येते.

हे तुम्हाला सांगायचे कारण आमच्या घरचे आहे. यवतमाळजवळच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. आजोबांची तिफण अंगणात मांडायची आहे, सुताराकडून नवी दांडी करून घेऊ का? आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा त्या तिफणीची दांडी कापली होती. आजी मागून चाड्यावर मूठ धरून चालायची. ट्रॅक्टर पुढे पळायला लागला की ओरडायची, “अरे, बैलासारखा चाल ना बाबा!” घरात हा किस्सा अजून सांगतात.

मी म्हटले, “दादा, दांडी आहे तशीच राहू दे.”

“पाहुणे विचारतील, मोडकी का मांडली म्हणून.”

विचारू देत. म्हणजे आजीचे ते ओरडणे सांगता येईल. संग्रहालयालाही मी पत्र लिहिले आहे. घोडे ठेवा, नवी दांडीही ठेवा, पण तो भिंतीवरचा फोटो पाटीशेजारी आणून लावा.