आरोग्यविषयक माहितीची विश्वसनीयता : चार निकषांची मर्यादा

महाजालावरील आरोग्यविषयक माहिती पारखण्यासाठी ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९९७ मध्ये चार निकष सुचविले गेले : लेखकाची ओळख, संदर्भ, हितसंबंधांची कबुली आणि दिनांक. सुटसुटीतपणा हा त्यांचा गुण, दोषही तोच.

गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित करणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा ‘लॅन्सेट’मधील १९९८ चा शोधनिबंध या निकषांवर घासून पाहावा. लेखकांची १३ नावे, संदर्भ, दिनांक सारे यथास्थित होते. लस-उत्पादकांविरुद्ध दावा लढवू पाहणाऱ्या वकिलांकडून मिळालेल्या पैशाचा उल्लेख तेवढा नव्हता. परंतु जे लपविले गेले, ते वाचकास दिसावे कसे? ते २००४ मध्ये एका पत्रकाराने उघडकीस आणले. निबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये. दरम्यान ब्रिटनमध्ये लसीकरण घटले होते.

निबंधाचे खरे दौर्बल्य मात्र उघडच होते. मुले अवघी १२, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि लसीशी जोडलेला संबंध बव्हंशी पालकांच्या स्मरणावर आधारलेला. ‘हे कशावरून?’ असा प्रश्न या चार निकषांत नाहीच. वस्तुतः असा संबंध आपण सिद्ध केलेला नाही, असे त्या निबंधातच नमूद होते.