मरण स्वस्त हवं

४ सप्टेंबर २०२५ ला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा गेम आला. त्या दिवशी स्टीमपासून निन्टेन्डोपर्यंत बड्या ऑनलाइन दुकानांचे सर्व्हर आडवे झाले, आणि आठवडा सरायच्या आत जगभर रडगाणं सुरू झालं: फार अवघड आहे, सोपा करा. तो बनवणाऱ्या ॲडलेडच्या टीम चेरीने, म्हणजे मोजक्या तीन-चार माणसांनी, पहिल्याच दुरुस्तीत सुरुवातीचे दोन बॉस थोडे नरम केले. त्यावर पुन्हा भांडण. एका बाजूला अवघड म्हणजेच अन्याय असं मानणारे, दुसऱ्या बाजूला 'जमत नसेल तर खेळू नका' म्हणणारे मर्दगडी. गेम नेमका कुठे अवघड आहे आणि तो अवघडपणा कशाचा बनलाय, हे सांगायची तसदी दोन्हीकडच्या फार थोड्यांनी घेतली.

आपल्याकडे तर तेवढाही वाद झाला नाही. मराठी वर्तमानपत्रांत गेमविषयी दोनच प्रकारचे लेख छापून येतात, एक व्यसनाचा आणि दुसरा करिअरचा. नाटक पाहून आल्यावर 'याने डोळे बिघडतात का' किंवा 'यात नोकऱ्या किती' एवढंच लिहिणाऱ्याला आपण समीक्षक म्हटलं असतं का? लातूर जिल्ह्यातल्या देवणीत बसून गेमवर लिहिणारा माणूस म्हणजे लोकांना गंमत वाटते, कारण देवणी म्हटलं की बैल. असू द्या. बैलाची पारख करणाऱ्या गावात गेमची पारख का करू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

सिल्कसाँगपुरतं बोलायचं तर नायिका हॉर्नेटला सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे पाच मापं जीव, असतो, आणि बरेचसे शत्रू एका फटक्यात दोन नेतात. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. पण पुरेसं रेशीम साठलं असेल तर ती एका दमात तीन मुखवटे भरूनही घेते. तेच रेशीम खास हल्ल्यांनाही लागतं. त्यामुळे प्रत्येक लढाईत एकच प्रश्न मानेवर बसलेला असतो, आता मारू की आता जगू. हा अवघडपणा अस्सल आहे. हाताला आणि डोक्याला तो एकाच वेळी काम देतो. आता 'लास्ट जज' या बॉसकडे जाणारी वाट घ्या. मेलं की ती वाट पुन्हा तुडवायची, तेच उडते किडे, त्याच उड्या. पहिल्यांदा ती काही शिकवते, दुसऱ्यांदा उजळणी होते, त्यानंतर ती निव्वळ पायपीट. जज हरल्यावर स्वतः फुटतो आणि त्या स्फोटात जिंकलेला खेळाडूही मरू शकतो, यावर मी मनापासून हसलो. त्या वाटेवर मात्र हसू आलं नाही. टीम चेरीने बॉस नरम करण्याऐवजी ही वाट आखूड करायला हवी होती.

इथेच माझी फूटपट्टी सांगून टाकतो. अवघड गेममध्ये मरण वारंवार यावं, पण ते स्वस्त असावं आणि त्याचं कारण लख्ख दिसावं. या दोन गोष्टी असतील तर गेम कितीही छळू दे, माणूस खेळतो. यातली एक जरी गेली तरी उरतो तो नुसता छळ.

या बाबतीत 'सेलेस्ट'च्या तोडीचा गेम २०१८ नंतर झालेला नाही. डोंगर चढणारी मॅडलीन प्रत्येक पडद्यावर मरते, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभी असते. ना 'गेम ओव्हर'ची पाटी, ना उरलेल्या लाइफचा आकडा. आपण किती वेळा मेलो याची नोंद गेम ठेवतो, पण टोमणा मारत नाही. आणि हा गेम गुपचूप उदार आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर तो उडी मान्य करतो, डोकं कोपऱ्याला घासत असेल तर हळूच बाजूला सरकवून घेतो. गेम घडवणाऱ्या मॅडी थॉरसन यांनी हे बारकावे स्वतःच उघड केले, तेव्हा काही कट्टर मंडळींचा हिरमोड झाला. मला उलट त्यात कारागिरी दिसली. चूक खेळाडूचीच आहे असं त्याला वाटायला हवं असेल, तर बटण केसभर उशिरा दाबल्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. किरकोळ बाबतीत गेम सांभाळून घेतो, म्हणूनच मोठ्या चुकीला तो कठोर होऊ शकतो.

'सेकिरो'चा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याच दिग्दर्शकाच्या, मियाझाकींच्या, आधीच्या 'डार्क सोल्स'मध्ये पळवाटा होत्या. चार ठिकाणी हिंडून अंगात बळ वाढवता यायचं, सोबतीला दुसरा खेळाडू बोलावता यायचा, ढालीमागे दडता यायचं. मियाझाकींनी २०१९ मध्ये या सगळ्या वाटा बुजवल्या आणि हातात एक तलवार ठेवली. अशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो उभा असतो, तिथे हा गेम खरा सुरू होतो. तोवर आपण जुन्या सवयीने एक वार करून मागे पळत असतो. पण मागे सरलं की त्याचा ढळलेला तोल सावरतो, म्हणजे आपली मेहनत पाण्यात. अंगावर येणारा वार नेमक्या क्षणी परतवला तर खणखणीत आवाज येतो आणि ठिणगी उडते, नुसता अडवला तर आवाज बद्द. कान तयार व्हायला लागतात. मग एका फेरीत लक्षात येतं की आपण मागे गेलोच नाही, आणि आपला जीव कमी होतोय तसा त्याचाही तोल सुटतोय. गेनिचिरो तोच आहे, त्याचे वार तेच आहेत, आपल्या पात्राचं बळही वाढलेलं नाही. बदलला आहे तो फक्त खेळणारा. दुसऱ्या कुठल्या कलेत रसिकाच्या अंगात इतक्या थेट उतरणारी गोष्ट असेल तर ती संगीताची तालीम असावी, पण तिथे समोर गुरू लागतो.

'कपहेड'ची एक युक्तीही याच घराण्यातली. मेल्यावर तो एक रेघ दाखवतो, आणि बॉस संपायला किती उरलं होतं ते त्या रेघेवर दिसतं. बोटभर उरलेलं अंतर पाहून रात्री कोण झोपेल?

बाकीचं झटपट. सोल्सची नक्कल करणारे गेम ढीगभर आले, त्यांतल्या बहुतेकांनी अंधार उचलला आणि चोख हिशेब मागेच ठेवला. 'गेटिंग ओव्हर इट' हा तत्त्वज्ञाचा विनोद आहे, एकदा ऐकायला चांगला. बीजीएमआय या ऑनलाइन लढाईच्या गेममधला अवघडपणा अर्धा समोरच्या पोराचा आणि अर्धा नेटवर्कचा, आणि देवणीत नेटवर्कचा वाटा मोठा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी कौतुक, आपल्या लोकांना अवघड गेम झेपत नाहीत. पुण्या-मुंबईच्या गेमवाल्यांकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चीड येते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत, बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये, रुपयाचं कॉइन टाकून पोरं काय खेळत होती? कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. हे नाव तेव्हा कुणालाही माहीत नव्हतं, सगळे त्याला 'मुस्तफा'च म्हणायचे, कारण पिवळ्या टोपीच्या त्या गड्याची लाथ सगळ्यांत चपळ. दुसऱ्याच टप्प्यावर दोन सुरे घेऊन बुचर यायचा आणि नवशिक्याचं कॉइन गिळायचा. ते मशीन होतंच तसं, पैसे खाण्यासाठी बनवलेलं. पण त्याला एक नीतिमत्ता होती. ज्याचा हात बसला त्याच्यापुढे ते हरायचं. एका कॉइनमध्ये आठही टप्पे संपवणारा एखादा पोरगा प्रत्येक गावात असायचा, पार्लरवाला त्याच्यावर वैतागायचा, आणि बाकीची लेकरं त्याच्या खांद्यावरून बोटं बघत उभी राहायची. कौशल्याने तिथे पैसे वाचायचे. घरी 'कॅसेट' लावून 'काँट्रा' खेळणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्या स्वस्त मशीनना प्रगती साठवता यायची नाही, लाइट गेली की पहिल्यापासून. तरी खेळत होतेच की! ही पिढी आज चाळिशीत आहे. तिला अवघड झेपत नाही म्हणता?

आता त्याच गावातल्या फोनमध्ये पाहा. 'कँडी क्रश'मध्ये पाच लाइफ, आणि गेलेलं एक लाइफ परत यायला अर्धा तास. तोवर थांबा, नाहीतर पैसे भरा. वाट पाहणं हेच तिथलं दुकान आहे. मुस्तफाचं मशीन बटण दाबणाऱ्याची परीक्षा घ्यायचं, हे मशीन खिशाची घेतं, आणि हात कितीही तयार झाला तरी ते आपल्यापुढे हरत नाही. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन रमीवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, आणि काही दिवसांत त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. महाराष्ट्रात खेळाविषयीचं धोरण इतकं सुसंगत क्वचितच असतं.

आपल्या राज्यात बनलेल्या गेमपैकी कोट्यवधी फोनमध्ये पोहोचलेला गेम कोणता? 'लुडो किंग', नवी मुंबईचा. त्यात हरलो तर फासा वाईट, जिंकलो तर नशीब थोर. घरात भांडण होऊ नये म्हणून तो उत्तम आहे, लॉकडाउनमध्ये त्याने अनेक घरं सावरली असतील. पण चूक कुणाचीच नसलेल्या खेळावर लिहायचं काय? बंगळुरूचा 'फौजी' २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी आला, तो ठोसे मारा, शेकोटीपाशी बसा, बरे व्हा, पुन्हा ठोसे मारा एवढाच. शेकोटी 'डार्क सोल्स'मध्येही आहे. तिथे ती पेटवून बसलं की मारलेले बहुतेक शत्रू परत उठतात. फरक तेवढाच, पण तोच सगळा फरक.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा मात्र जीव ओतून केलेला गेम. २०२० मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत गेला. राजस्थानी महाल, पहाडी चित्रांचा रंग, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, भावाला शोधत निघालेली डोंबाऱ्याच्या कसबाची पोर. डोळे निवतात. हातांना मात्र काही मिळत नाही. त्याच त्या लढाया, भिंतीवरून उलटी उडी मारली की काम फत्ते, आणि ऐन रंगात येताना शेवट. इतक्या सुंदर जागेत आपल्याला पाहुण्यासारखं फिरवून आणलं जातं, कुठे ठेच लागू नये याची काळजी घेत. राजी कसरतपटू आहे. कसरत म्हणजे पडणं, शंभरदा पडणं. ती पडते कधी आणि शिकते कधी, हे आपल्या हातांना कळतच नाही. मी हे रागाने लिहितो, कारण तेवढं बाकी सगळं त्यांच्याकडे होतं.

सेकिरोतला गेनिचिरो आणि आमचा जिल्हा यांचा संबंध कुणी विचारलाच, तर तो असा. येस्पर यूल या अभ्यासकाने 'द आर्ट ऑफ फेल्युअर' या २०१३ च्या पुस्तकात कोडं मांडलं आहे: हरणं कुणालाच नको असतं, तरी ज्यात हमखास हरणार असे खेळ आपण आपणहून का खेळतो? त्याचं उत्तर जाणकारांनी वाचावं. मला उत्तरासाठी लातूरच्या ट्यूशन एरियापलीकडे जावं लागत नाही. देवणीची पोरं तिथे रूम करून राहतात, मेसचं जेवतात, दर आठवड्याला टेस्ट देतात. मेमध्ये एका दुपारी वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण, आणि हुकलं तर एक वर्ष, रिपीटर बॅच, बापाचं आणखी एक कर्ज. हरणं महाग. बरं, का हरलो ते तरी कळावं? २०२४ मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणारे आधी ६७ निघाले, ग्रेस गुणांचा घोळ झाला, पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला, आणि आदल्या वर्षी ज्या गुणांवर सरकारी कॉलेज मिळालं असतं त्या गुणांवर पोरं घरी बसली. त्यांनी कोणतं बटण उशिरा दाबलं होतं? त्याच पोराने रात्री रूमवर जुन्या लॅपटॉपवर 'हॉलो नाइट' लावला तर मेसवाला त्याला व्यसनी म्हणतो, समुपदेशक पळपुटा म्हणतो. मी म्हणतो, चूक केली तर चूक दाखवणारी आणि लगेच पुन्हा उभं करणारी एवढी एकच जागा त्याच्या आयुष्यात आहे. ती हिसकावून घ्यायची असेल तर तिच्या जागी तितकी प्रामाणिक परीक्षा आणून दाखवा.

गेम खेळून एकाग्रता वाढते, नीटला उपयोग होतो, असं सांगणाऱ्या हितचिंतकांनीही कृपा करावी. सेकिरो खेळून गेनिचिरो हरवता येतो, एवढंच होतं, आणि तेवढं पुरे.

राज्याचं ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण २०२५ मध्ये मंजूर झालं, मुंबईत संस्था उभी राहते आहे, भाषणांत कोटींचे आकडे उडताहेत. त्या आकड्यांतून पुण्यात एखाद्याने एकच बॉस बनवावा. नकाशा नको, पुराणकथेचा फाफटपसारा नको. आठवडाभर पुरून उरेल असा एक बॉस, साध्या फोनवर चालणारा, नेट नसलं तरी सुरू राहणारा, मेल्यावर दोन सेकंदांत परत उभा करणारा आणि मध्ये एकही जाहिरात न दाखवणारा. तो सोपा करण्याची सोय हवी असेल तर 'सेलेस्ट'सारखी उघड, मेनूत, फुकट द्यावी. माझी हरकत नाही, ज्याचा हात दुखतो त्यानेही डोंगर चढावा. पण ती सोय ४९ रुपयांना विकायला काढली, तर मी त्या गेमवर असं लिहीन की काढणाऱ्याला लास्ट जजची वाट आखूड वाटेल.