गच्च, दाट आणि तुंबलेले

टीका लिहायची ती पुस्तकांवर, असा आपला समज आहे. मी आज बोलण्यातल्या एका शब्दाची झडती घेणार आहे. तो शब्द म्हणजे 'कंजेस्टेड'. अमरावतीच्या राजकमल चौकात तो ऐकू येतो, अकोल्याच्या दवाखान्यांत ऐकू येतो, आणि घर पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी तर असतोच. रस्ता कंजेस्टेड, छाती कंजेस्टेड, घरही कंजेस्टेड!

परका म्हणून मी त्याला हाकलीत नाही. टेबल आणि स्टेशन आपण आपलेसे केलेच की! माझी तक्रार त्याच्या आळसाविषयी आहे. मराठीत नाक चोंदते, नाली तुंबते, धूर कोंदतो, वस्ती दाट असते, बडनेऱ्याला गाडी खचाखच भरते. अडचण कशाची, हे प्रत्येक शब्द सांगतो. 'गच्च' मात्र अडचण सांगतच नाही. तो भरलेपण सांगतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात, तेव्हा रस्ता गच्च असतो. तो तुंबलेला नसतो, कारण ती गर्दी चालत असते. तुंबलेली नाली कोणालाच नको. गच्च आभाळाची मात्र वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी डोळे लावून वाट पाहतो.

हा भेद केवळ शब्दकोशातला नाही, हे मला मावशीने शिकवले. मावशी अकोल्याची. काका गेले त्या वर्षी मी तिला अमरावतीला आणले आणि एका डॉक्टरांकडे नेले. ते दक्षिणेकडले, मराठी जेमतेम. मावशी म्हणाली, "काय सांगू बापा, जीव दाटून येते." मी दुभाष्याच्या ऐटीत सांगून टाकले, "चेस्ट कंजेस्टेड आहे." अर्थात खोकल्याचे औषध मिळाले. घरी आल्यावर बाटली हातात धरून मावशी हळूच म्हणाली, "मले खोकला कुठं हाय रे?"

दोष डॉक्टरांचा नव्हता. दाटतो तो कफही आणि कंठही, हे खरे. पण मावशीने छातीचे नाव घेतलेच नव्हते, जिवाचे घेतले होते. तो जीव मीच वाटेत सांडला.

असो. यंदा दिवाळीत आमच्या तीन खोल्यांत अठरा माणसे झोपतील, मधोमध मावशी. त्या घराला कोणी 'कंजेस्टेड' म्हणाले, तर मी भांडेन. ते गच्च आहे.